केंद्रस्थानी अण्णा

"एका तासात शंभर कल्पना! नाही निघाल्या तर नाव बदलून टाकेन!" मॅडमनी मोठ्या साहेबांच्या टेबलावर थाप मारून सांगितलं. थाप जरा जास्तच लागली, म्हणून बाहेर आल्यावर बराच वेळ हात चोळत बसल्या, पण शब्द गेला तो गेलाच!

न देऊन करतात काय? कारखाना म्हाताऱ्या माणसांच्या काठ्यांचा. एकवीस वर्षांत काठीत काही बदल नव्हता. वर मूठ, खाली रबर, मधे काठी. मग या एकवीस वर्षांत मॅडमचा 'नवरचना विभाग' नेमकं काय रचत बसला होता, हा प्रश्न साहेबांना अचानक पडला.

"गुरुवारी चारपर्यंत एक नवी काठी सुचवा," ते म्हणाले. "नाहीतर विभाग बंद. चौघंही पॅकिंगला. खोक्यांना चिकटपट्टी लावायला माणसं कमीच पडतायत."

मॅडमकडे मात्र हुकमाचा एक्का होता. दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि तिथे मिळालेली चोवीस पानी पुस्तिका, 'सामूहिक विचारमंथन'! पान तीनवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वापरकर्त्याला केंद्रस्थानी ठेवा.' मॅडम काही छापील शब्दाबाहेर जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सभेच्या खोलीतली टेबलं भिंतीला सारली, टेपने मोजून खोलीच्या बरोब्बर मध्यभागी एक खुर्ची ठेवली आणि तिच्यावर वापरकर्ता आणून बसवला.

वापरकर्ता घरचाच होता. सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, काठीचा अनुभव नऊ वर्षं.

"सूनबाई, मी करायचं काय?"

"काही नाही अण्णा, नुसतं बसायचं."

"मग घरी काय वाईट बसलो होतो?"

"घरी तुम्ही कोपऱ्यात बसता. इथे केंद्रस्थानी!"

अण्णा खुलले. नऊ वर्षांत त्यांना कुणी मध्यभागी बसवलं नव्हतं. पान चार म्हणत होतं, 'वापरकर्त्याचं आदरातिथ्य करा.' म्हणून आल्या आल्या चहा झाला. मग सरबत. मग पुन्हा चहा. मग, उकडतंय म्हणून, दोन ग्लास पाणी.

भोवती विभाग बसला. लाकूडकामाचे सुतारकाका, विक्रीवाला, ज्याच्या आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि चित्रं काढणारी चिमणी.

"नियम पहिला," मॅडम म्हणाल्या, "कुणाच्याही कल्पनेला 'नाही' म्हणायचं नाही. 'हो, आणि...' म्हणून पुढे न्यायची. चला!"

"काठीला टॉर्च!" भोंगा वाजला.

"हो, आणि मागचं दिसायला आरसा!" चिमणी म्हणाली.

"हो, आणि आरशाला वायपर!"

"हो, आणि रेडिओ!"

"अहो, पण एवढी काठी उचलणार कोण?" सुतारकाकांनी विचारलं.

"काका! टीका नाही करायची!"

काका नियमाला शरण गेले. "बरं. हो, आणि... काठी उचलायला एक माणूस."

चिमणीने तेही लिहून घेतलं. कल्पना क्रमांक एकोणीस.

मग कुणालातरी वाटलं, नमुना समोर हवा. भोंग्याने अण्णांच्या हातातली काठी अलगद काढून घेतली आणि जी सुचेल ती कल्पना पिवळ्या चिठ्ठीवर लिहून काठीलाच चिकटवायला सुरुवात झाली. दहा मिनिटांत काठीला पिसं फुटली! जागा संपल्यावर चिठ्ठ्या भिंतीवर चढल्या.

"सूनबाई," अण्णा हळूच म्हणाले.

"श्श! आता मौन फेरी आहे अण्णा. पान अकरा. कुणी बोलायचं नाही, फक्त वापरकर्त्याचं निरीक्षण करायचं आणि लिहायचं."

चौघांनी अण्णांवर डोळे रोखले. अण्णांनी पायावर पाय टाकला. 'वापरकर्ता निवांत आहे,' चिमणीने लिहिलं. अण्णांनी पाय बदलला. थोड्या वेळाने दोन्ही पाय झपाझप हलायला लागले. 'वापरकर्त्याला संगीत आवडतं. रेडिओ हवाच!' भोंग्याने खाली दोन रेघा मारल्या. अण्णांनी डोळे मिटून मुठी आवळल्या. 'ध्यानाची आवड,' मॅडमनी नोंदवलं. त्यांना भरून आलं. सतरा वर्षं एका घरात राहून ही बाजू कधी कळली नव्हती!

अण्णांनी करंगळी वर केली.

"कल्पना क्रमांक एक म्हणताय?" मॅडम कुजबुजल्या. "बोलू नका, लिहून द्या!" आणि त्यांनी त्यांच्या मांडीवर चिठ्ठी आणि पेन ठेवलं.

अण्णांनी घाईघाईने काहीतरी खरडलं. चिमणीने ते न वाचताच उचललं आणि भिंतीवर लावलं. पान बारा सांगत होतं, 'आधी संख्या, वाचन नंतर.'

"एकशे सात!" ती मौन विसरून किंचाळली.

तेवढ्यात दार उघडलं. मोठे साहेब! चारला वीस मिनिटं होती.

साहेब भिंतीजवळून चिठ्ठ्या वाचत निघाले. "आरशाला वायपर... उचलायला माणूस..." त्यांचा चेहरा उतरत गेला. "मॅडम, चिकटपट्टी सरळ लावता येते ना सगळ्यांना?"

मॅडमनी पुस्तिका छातीशी धरली. एकवीस वर्षं! आणि आता खोकी!

साहेब शेवटच्या चिठ्ठीपाशी थांबले. चष्मा वर केला, खाली केला. मग सावकाश वाचलं, "आता मला कुणीतरी उठवा."



"अरे, हेच!" साहेब ओरडले. "आपण बसलोय चालायच्या काठ्या करत! म्हातारं माणूस उठणार कसं, हा विचार कुणी केला? माझी आई खुर्चीतून उठायला कुणी येईपर्यंत वाट बघत बसते हो... उठवणारी काठी! मॅडम, विभाग राहिला तुमचा! कुणाची ही कल्पना?"

मॅडमनी अक्षर ओळखलं. त्या वळल्या. अण्णा खुर्चीचे हात धरून अर्धे उठले होते, चेहरा लालबुंद.

"आमच्या अण्णांची!" त्या अभिमानाने म्हणाल्या.

साहेब धावले, अण्णांचे दोन्ही खांदे धरले आणि मोठ्या प्रेमाने त्यांना पुन्हा खाली दाबून बसवलं. "आजोबा! एवढी थोर कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

"सुचली नाही हो," अण्णा दातओठ खाऊन ओरडले, "लागलीये!"

सगळ्यात आधी कळलं सुतारकाकांना. त्यांनी अण्णांना उचलून उभं केलं, काठी हातात दिली आणि पिवळी पिसं फडफडवत दोघं बोळातून दिसेनासे झाले. वाटेत आठ-दहा कल्पना गळून पडल्या, पण मागे वळून कुणी पाहिलं नाही.

इकडे साहेबांनी मंजुरीचा अर्ज मॅडमपुढे सरकवला. "भरा, भरा. लगेच सही करतो."

मॅडमनी भराभर रकाने भरले. 'कल्पनेचा उगम' इथे मात्र पेन अडलं. साहेब वाट बघत उभेच होते. मॅडमनी बोळाकडे एकदा चोरून पाहिलं, आणि लिहिलं, 'अंतःप्रेरणा. तीव्र.'