लाल्यासाठी सात नंबर

या दिवाळीत आपल्या लाल्याचा केसही वाकडा होणार नाही, असं सुपडू मास्तरनं सुरतेत उधन्यातल्या चहाच्या गाडीवर दहा जणांसमोर सांगून टाकलं. सुपडू म्हणजे मगनशेठच्या लूमखात्यातला, यंत्रमागांच्या कारखान्यातला, मास्तर. वीस मशीनं चालू असताना कुठलं बिघडलंय ते हा चहा पितापिता नुसत्या आवाजावरून सांगायचा. अशा माणसाला एक कुत्रं सांभाळता येणार नाही होय?

आता कुत्र्याचा पराक्रमही सांगायला हवा. मागच्या वर्षी लक्ष्मीपूजनाला पहिली लड वाजली आणि लाल्या जो सुटला, तो चौथ्या दिवशी कडोदऱ्याला हायवेवरच्या ढाब्यामागे सापडला. शोधाशोधीत सुपडूच्या बायकोची, कलाबाईची, भाऊबीज बुडाली. तिकडे अमळनेरला तिचा एकुलता एक भाऊ पाटावर बसून वाट बघत राहिला.

"यंदा लाल्या पळाला नहीं तं मी अमळनेरले जासू," कलाबाईनं बजावलं. "पळाला तं मना भाऊले तुम्हीच सांगा."

"तू पिशवी भर," सुपडू म्हणाला.

सुट्टी लागली तेव्हा मगनशेठनं मशीनांची पूजा केली, प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पूजेचा लाल नाडा बांधला आणि दिवाळीनंतरच्या लाभपाचमीच्या मुहूर्तापर्यंत बटणाला हात लावायचा नाही, असं सांगून चावी सुपडूकडे दिली. गल्ली एकदम चिडीचूप झाली. तेव्हापासून चार रात्री सुपडू अंथरुणात उठून बसायचा. कलाबाईनं विचारलं की म्हणायचा, "लाल्यावर नजर ठेवतोय."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्यानं कामाला सुरुवात केली. लाल्याच्या कानांत खोबरेल लावून कापूस घातला. लाल्यानं मान झटकली, कापूस खाली पडला, तो हुंगला आणि खाऊन टाकला. मग सुपडूनं खाटेखाली तीन गोधड्यांची गुहा केली. लाल्या आत गेला, गोल फिरला, बसला. सुपडूनं कलाबाईकडे असं बघितलं, जणू मशीन दुरुस्त करून हात पुसतोय.

तेवढ्यात बाहेर सुतळी बॉम्ब फुटला.

खाट दोन वीत सरकली. गोधडी पांघरलेला लाल्या दारातून निघाला, कलाबाईच्या ताज्या रांगोळीतून गेला आणि गल्लीत दिसेनासा झाला. मागे सुपडू, एका पायात चप्पल. कडोदरा, ढाबा, मेव्हण्याचा चेहरा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

पण लाल्या कडोदऱ्याला गेलाच नव्हता. तो खात्याच्या शटरवर पंजे घासत उभा होता. आणि सुपडूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे कुत्रं जन्मलंच मुळी सात नंबरच्या मशीनमागे, सुताच्या पोत्यांत. वीस मशीनांच्या खडखडाटात ते वाढलं. त्याला आवाजाची भीती नव्हतीच. शांतता त्याच्या अंगावर येत होती!

सुपडूनं शटर उघडलं. लाल्या सात नंबरखाली जाऊन थरथरत बसला. सुपडूनं स्वस्तिकाला हात जोडले, "माफ कर माय," म्हणाला आणि बटण दाबलं. खटाक-खटाक, खटाक-खटाक. लाल्याची थरथर थांबली. त्यानं एक लांबलचक जांभई दिली.

सुपडूला नाचावंसं वाटलं. पण तो आवाज गल्लीनंही ऐकला होता.

दहा मिनिटांत निंबा कारीगर नव्या शर्टात, हातात डबा घेऊन धापा टाकत आला. "मास्तर, मुहूर्त आजच काढला? मला कळवलं नाही! माझं मशीन दुसऱ्याला दिलं का?"

"अरे, हे कुत्र्यासाठी लावलंय," सुपडू ओरडला.

त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येणार? निंबानं आठ नंबर चालू केलं. मग आणखी पाच जण आले, आपापल्या मशीनला चिकटले. समोरच्या खातेवाल्याला वाटलं, मगनशेठला मोठी ऑर्डर लागली. त्यानंही मशीनं लावली. दिवेलागणीपर्यंत अख्खी गल्ली खडखडत होती आणि फटाके नुसते दिसत होते.

शेवटी मगनशेठ आले. अंगात रेशमी कुर्ता, काखेत सुनेचं बिस्किट नावाचं पांढरं केसाळ कुत्रं. फटाक्यांनी ते इतकं कापत होतं की शेठचा हातही कापत होता.

"सुपडूभाई, आ शुं छे? लाभपाचम पहेलां?" शेठ त्याच्या कानाशी ओरडले.

सुपडूनं मान खाली घातली. इतक्यात बिस्किट काखेतून सटकलं, सात नंबरखाली शिरलं, लाल्याला टेकलं आणि पाय ताणून पडलं. शेठचं तोंड उघडंच राहिलं.

"बंद करू, शेठ?"

"ना, ना. रहेवा दो." शेठ पोत्यावर बसले आणि बिस्किट झोपल्याचं फोनवर ओरडून घरी सांगू लागले. "बिस्किट सूई गयुं!"

बातमी पसरली. आठ वाजता खात्यात नऊ कुत्री आणि एक शेळी होती. सुपडू सात नंबरशेजारी पोत्यांवर असा रेलून बसला होता, जणू खातं त्याचंच.

पुढचं निंबानं त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा थोडं वाढवून सांगितलं असणार. साडेआठला फटाके ओसरले, गल्लीतली बाकीची खातीही बंद झाली. शेठनं मेन स्विच खाली ओढला. सगळी कुत्री जागी झाली, शेपट्या हलवत शांत उभी राहिली. प्रसाद घेऊन आलेली कलाबाईही थबकली. कारण एक खडखडाट अजून चालूच होता. पोत्यांवर मास्तर तोंड उघडं टाकून घोरत होते.

शांतता झाली तशी घोरणं अडखळलं, मास्तर कूस बदलून कण्हले.

"चालू करा, शेठ," कलाबाई म्हणाली. "चार रात्री मना माणूसले झोप नहीं."

भाऊबीजेला कलाबाई मोठ्या थाटात अमळनेरला निघाली. जाताना निंबाला बजावून गेली, "लाल्याले दोन येळ भाकर. आनि मास्तरले रोज संध्याकाळी तासभर सात नंबर."