अख्खी जिगो

मटणाच्या दुकानात मोजपट्टी घेऊन जाणारा माणूस मी एकच पाहिलाय. माझे चुलतदीर, शरदभाऊजी. खाटीक रईसभाई काटा पुढे ओढतो तोवर हे बोकडाची मागची तंगडी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून मोकळे झालेले असतात. ओव्हनमध्ये मावली पाहिजे आणि हाडही तुटता कामा नये. रईसभाई सवयीने सत्तूर उचलतो, की हे हात आडवा घालून भोपाळी थाटात म्हणतात, "को ख़ां, हाथ मत लगाना. अख्खी दो."

भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात असताना कंपनीने त्यांना काही महिने फ्रान्सला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथली म्हातारी घरमालकीण दर रविवारी मेंढीच्या कोकराची अख्खी तंगडी भाजायची आणि शेजारपाजारच्यांना जेवायला बसवायची. त्या पदार्थाचं नाव जिगो. भाऊजी परत आले ते हे नाव घेऊन. भोपाळात रान म्हणतात, आमचे हे सरळ तंगडी म्हणतात. दोन्ही शब्दांनी भाऊजींचा चेहरा पडतो.

घरच्या ओव्हनमध्ये जिगो मावेना, म्हणून त्यांनी एका वेल्डरकडून पत्र्याचा ओव्हन बनवून घेतला. बाग सेवनियातल्या त्यांच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात तो ठेवलाय. पहिल्यांदा पेटवला तेव्हा शेजारचे तिवारीजी बादली घेऊन धावत आले होते. त्यांना भाऊजींनी जेवायचं आमंत्रण दिलं. ते शाकाहारी निघाले, तर त्यांच्यासाठी बटाटे भाजले. तेव्हापासून जिगोबरोबर बटाटे असतातच.

मांस भाजून निघालं की लगेच कापायचं नाही, असा त्यांचा नियम. वर पंचा टाकतात. "दमलीय ती. जरा निजू द्या." ती निजलेली असते आणि हे मात्र फाटकापासून व्हरांड्यापर्यंत येरझारा घालत असतात. कोण निघालं, कोण कुठे पोचलं, फोनवर फोन. आम्ही अयोध्या नगरहून येतो, तर चौकाचौकात आमची हजेरी घेतात. पंगत बसली तरी यांचं बूड खुर्चीला लागत नाही. सुरी परजत उभे. लसूण लागला का, आतून गुलाबी राहिलंय का, सगळ्यांना विचारून होतं. मला वाटायचं, कौतुक ऐकायची हौस आहे. त्यांची बायको सुधा गेल्यापासून ही हौस वाढली, तेव्हाही मला तेच वाटलं.

मागच्या रविवारी आमच्या ह्यांना ताप होता. फोनवर सांगितलं असतं तर भाऊजींनी तासभर औषधं सुचवली असती, म्हणून मीच स्कूटरवरून निरोप सांगायला गेले. टेबलावर आठ ताटं पालथी घातलेली. भाऊजी फोनवर होते. "नाही नाही, काही हरकत नाही. पुन्हा कधी." फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. कुणाकडे सत्यनारायण, कुणाच्या मुलाची परीक्षा. मी ह्यांचा ताप सांगितला. भाऊजींनी मान हलवली, पंचा उचलून पाहिला, परत टाकला, फाटकापर्यंत जाऊन आले. मग पुन्हा गेले. आता कुणीच यायचं राहिलं नव्हतं.

मला ते बघवेना. म्हटलं, "भाऊजी, पावभर मटण आणून रस्सा का नाही करत? एकट्याला पुरे होतो की."

ते रस्त्याकडेच बघत होते. "वहिनी, पावभर आणलं की ओट्यापाशी उभ्या उभ्या खातो मी. पाच मिनिटांत खेळ खलास. ही आणली की माणसं बोलवावी लागतात."

मी ह्यांना फोन करून सांगितलं, खिचडी कुकरमध्ये आहे, वाढून घ्या. पर्स खुर्चीला अडकवली, एक ताट सुलटं केलं. भाऊजींनी पातळ काप कापून मला वाढले आणि सवयीने उभे राहिले. मी शेजारचं ताट सुलटं करून त्यांच्यापुढे सरकवलं.

"बसा."

खुर्चीच्या कडेवर बसले. मीठ आणायला उठू लागले, तर मीच उठून आणलं. मग त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

"तुम्हाला घाई नाही ना वहिनी?"

घाई होती. मशीनमध्ये कपडे पिळून पडले होते, ह्यांच्या गोळ्या आणायच्या होत्या. मी ताट पुढे केलं.

"अजून दोन काप वाढा. आणि बटाटे कुठे आहेत?"