चौथ्या आकड्याची कैफियत

श्री. ज्यांच्या कृपेने काळ्या काचेत चित्रे हलतात, आणि ज्यांच्या अवकृपेने तीच चित्रे अर्ध्यावर थबकून गोल गोल फिरत राहतात, त्या अदृश्य सरकारास दंडवत न घालता ही बखर लिहिली आहे, कारण अपराधी तेच. सरकार, तुमचे तोंड या मुलखात कोणी पाहिले नाही, तुमची कचेरी कोठे हे कोणास ठाऊक नाही, फोन लावला तर बाई बोलते ती जिवंत की यंत्र हे समजत नाही, परंतु हुकूम मात्र वेळेवर येतो. तुम्ही हुकूम काढिला की एका छपराखाली नांदतील तेवढेच एक घर, बाकी सारे घुसखोर. आणि घुसखोरास आत यावयाचे तर मूळ घरधन्याच्या फोनवर चार आकडे येतील, ते त्याजकडून मागून घ्यावे आणि पंधरा मिनिटांत भरावे, न भरल्यास बाद. मागून घ्यावे, हे दोन शब्द तुम्ही किती सहज लिहिलेत. मागणाराचे तोंड कैसे होते हे तुम्ही पाहिले नाही, म्हणोन सांगणे प्राप्त जाहले.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. दोन खोल्या, एक मोरी आणि चार कपडे वाळतील एवढी गॅलरी, इतक्या मुलखावर निळकंठराव राज्य करीत होते. रावांचे वय छप्पन्न, चाकरी रंगाच्या दुकानात, गिऱ्हाइकास छटा दाखवावी आणि डबा मिसळून द्यावा हे काम. दिवाळीनंतर मंदी म्हणोन मालकाने पगार अर्ध्यावर आणिला, आणि कन्या परगावी नर्सिंग शिकत होती, तिच्या वसतिगृहास रसद पाठवणे टळत नव्हते. सबब राज्यात काटकसर सुरू जाहली. आणि वर्तमानपत्र बंद जाहले, आणि केबल बंद जाहली, आणि दुधाची पिशवी लहान आली, आणि मग राणीसाहेब हेमलताबाई बोलत्या जाहल्या, "सगळं बंद करा, माझी ना नाही. पण संध्याकाळी बघायला काहीतरी ठेवा. दिवसभर तुमचंच तोंड बघायचं म्हणजे शिक्षाच की."

हेमलताबाईंची धाकटी बहीण पुष्पलता, तिला थोरल्या राज्यात दिली होती. तिचे यजमान अरविंदराव हे रावांचे साडू, बँकेत अधिकारी, दोन तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरी नांदत. त्यांजपाशी तुमची वर्षाची सनद होती आणि सनदेत पाच नावांस जागा होती. चार नावे त्यांच्या घरच्यांनी अडविली आणि पाचवे नाव अरविंदरावांच्या मातोश्री माईसाहेब यांचे, वय ब्याऐंशी, गुडघ्यांनी खुर्चीस खिळलेल्या. अरविंदराव उदार होऊन म्हणाले, "माईच्या नावाने बघा. ती दुपारी एखादा भाग बघते, बाकी वेळ मोकळंच असतं." तेव्हापासून राव रोज साडेसातास टीव्हीपुढे बसत, आणि पडदा विचारी की कोण पाहत आहे, आणि छप्पन्न वर्षांचा मिशीवाला पुरुष बोट ठेवी, माई.

पहिल्याच महिन्यात तंटा जाहला. राव उत्साहाने भाग पुढे पुढे पाहत सुटले आणि दुसरे दिवशी दुपारी माईसाहेबांस आपली मालिका भलत्याच ठिकाणी सापडली. संध्याकाळी फोनवर अरविंदराव बोलत असता मागून माईसाहेबांचा आवाज आला, "निळकंठला म्हणावं, मी डोळा लावते तोवर तू माझा खलाशी मारून टाकलास. कधी मेला ते मला कळलंसुद्धा नाही." राव ओशाळले. मग तह ठरला की जेथवर माईसाहेब जातील तेथवरच रावांनी जावे, एक पाऊल पुढे नाही. राव तह पाळत होते. त्या वेळी चालू होती ती कोण्या परदेशातल्या बेटावरची मालिका, आठ भागांची. बेटावरच्या शाळामास्तरणीवर मासेमारांची बोट जाळल्याचा आळ, आणि ती सुटते की फाशी जाते हा पेच. माई दुपारी एक भाग पाहत आणि तोच भाग राव आणि राणीसाहेब संध्याकाळी ताटे घेऊन पाहत.

मग तुमचा तो हुकूम आला आणि दर चार दिवसांनी दार बंद होऊ लागले. राव मानी होते, म्हणजे मागून पाहणारा जितका मानी असू शकतो तितके. आकडा थेट मागणे त्यांस जड जाई. हेमलताबाई टोमणा मारीत, "साडूकडे मागायला कसली लाज? तिथे जेवायला गेलात की श्रीखंड तिसऱ्यांदा मागता." तरीही रावांनी आपली एक रीत बसविली. आधी फोन लावावा, आणि पहिला प्रश्न, "माई कशा आहेत?" मग माईंचा गुडघा, मग माईंचा खोकला, मग नवा डॉक्टर, आणि मग जणू आत्ताच आठवले ऐसे करून, "बरं अरविंदराव, ते जरा तेवढं..." एवढे होताच हेमलताबाईंनी रिमोट दाबून आकडा मागवावा. माईंची विचारपूस हा रावांचा नजराणा होता. नजराणा मनापासूनचा होता की दार उघडण्यापुरता, हे रावांनी स्वतःस कधी विचारिले नाही.

आणि मग असे जाहले की सातव्या भागानंतर माईसाहेब थांबल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, खूण सातव्यावरच. आठवा भाग, ज्यात निकाल लागणार, तो समोर उघडा पडलेला आणि तह आडवा आलेला. राव मनात म्हणाले, म्हातारी हलेना. हे लिहिताना लेखणी अडते, परंतु रावांच्या मनात हेच शब्द आले, लिहिले नाहीत तर बखर खोटी. का थांबल्या, हे विचारावे असे त्यांच्या मनातही आले नाही. चौथे दिवशी दार बंद जाहले तेव्हा रावांनी ठरविले की आज तह मोडावयाचा, माईंस मागाहून समजावू.

त्या संध्याकाळी हेमलताबाईंचे पिठले उतरले होते आणि भाकरी तव्यावर होती, सबब त्यांनी घाईने आधीच रिमोट दाबिला आणि आतून हाक दिली, "आकडा मागवलाय हो, लावा फोन पटकन." पंधरा मिनिटे चालू जाहली. राव गडबडले आणि रीत विसरले. फोन लाविला, सहा वेळा वाजला, सातव्यास अरविंदरावांनी उचलला, आणि राव एकदम म्हणाले, "अरविंदराव, आकडा आलाय बघा, सांगा लवकर, वेळ चाललाय." मग अरविंदराव म्हणाले, "हो, आलाय. घ्या. चार." रावांनी चार दाबिला. "सात." सात दाबिला. "एक." एक दाबिला. मग अरविंदरावांचा आवाज फुटला आणि ते म्हणाले, "निळकंठराव, माई गेली हो. आज पहाटे. दुपारी सगळं आटोपलं. पुष्पाने ताईंना फोन केला असेल असं मला वाटत होतं, आणि तिला वाटलं मी केला."

ह्या ठिकाणी बखरकाराने थांबावे, परंतु थांबता येत नाही. माईसाहेब गेल्या, हे रावांनी ऐकिले. समजलेही. आणि समजल्यावर, बोट रिमोटवर तसेच ठेवून, राव चौथ्या आकड्याची वाट पाहत राहिले. अरे अरे म्हणाले नाहीत, कधी कसे विचारिले नाही. किती वेळ, ते मोजिले नाही, परंतु पलीकडच्या मनुष्यास समजण्याइतका वेळ गेला, कारण अरविंदराव आपणहून, अगदी हळू, बोलिले, "नऊ. शेवटचा नऊ आहे." आणि रावांनी नऊ दाबिला. दार उघडले. पडद्याने विचारिले, कोण पाहत आहे. तेव्हा कोठे रावांच्या तोंडून निघाले, "फार वाईट झालं." अरविंदराव म्हणाले, "हं. ठेवतो. लोक बसलेत." आणि फोन बंद जाहला.

हेमलताबाई ताटे घेऊन बाहेर आल्या. "लागलं का हो?" राव म्हणाले, "लागलं." सांगावे असे ओठांवर आले, परंतु सांगितले तर नऊ का दाबिला हेही सांगावे लागले असते. म्हणोन रावांनी माई या नावावर बोट ठेविले, आणि आठवा भाग सुरू जाहला, आणि राव पिठले भाकरी जेवले, आणि भाग संपला. मग फोन हाती घेऊन, जणू आत्ताच काही आले ऐसे पाहून, राव बोलिले, "अगं, अरविंदरावांचा निरोप आलाय. माई गेल्या. घरात लोक बसलेत, आज फोन नको म्हणालेत." हेमलताबाई हात धुता धुता तशाच मोरीत बसल्या आणि रडू लागल्या.

दुसरे दिवशी पहिल्या बसने उभयता भेटावयास गेली. खोलीत सतरंजीवर दहा-बारा माणसे होती. पुष्पलता बहिणीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "ताई, यांनी साडेसातलाच सांगितलं ना भावोजींना? मग तू फोन का नाही गं केलास? मी फोन हातात घेऊन बसले होते." खोलीत सगळे ऐकत होते. हेमलताबाईंनी रावांकडे एकदा पाहिले, एकदाच, आणि मग बहिणीस म्हणाल्या, "मला धीरच झाला नाही गं." नवऱ्याचे खोटे बायकोने आपल्या अंगावर घेतले आणि राव सतरंजीची वीण पाहत बसले. निघते वेळी अरविंदराव फाटकापर्यंत आले. ते म्हणाले, "माईचं नाव मी तिथून काढणार नाहीये. तुम्ही बघत जा." सुतकाच्या घरातून निघताना येतो म्हणू नये ही रीत आहे, आणि त्या दिवशी ती रीत रावांस फार सोयीची पडली.

मग तीन दिवस राज्यात बोलणे नाही. ताट वाढले जाई, चहा समोर येई, शब्द येत नसे. चौथे दिवशी हेमलताबाईंनी फोन आणून रावांच्या मांडीवर ठेविला आणि म्हणाल्या, "लावा. आज काही मागायचं नाही. सांगायचं."

"काय सांगू?"

"माझ्या बहिणीपुढे मी खोटं बोलले, ते कशासाठी बोलले ते."

राव म्हणाले, दहावा तरी होऊ दे. त्या म्हणाल्या, "आकडा मागायला मुहूर्त बघत होतात का?"

रावांनी फोन लाविला. अरविंदरावांनी दुसऱ्या खेपेस उचलला. माई कशा आहेत, हे शब्द सवयीने रावांच्या जिभेवर आले आणि त्यांनी ते कसेबसे गिळले. मग म्हणाले, "अरविंदराव, त्या दिवशी तुम्ही सांगितल्यावरही मी तो आकडा दाबला. आणि आम्ही बघितलं. म्हणजे मी बघितलं, हिला माहीत नव्हतं." पलीकडून उत्तर आले, "मला माहीत आहे. तुम्ही सुरू केलंत तेव्हा माझ्या फोनवर आलं. माई पाहत आहेत, असं आलं." अरविंदराव म्हणाले, "मी कुणाला दाखवलं नाही. पुष्पालाही नाही. मला राग आला होता, नाही असं नाही. पण ते वाचून क्षणभर बरंही वाटलं, खरं सांगतो." मग खाकरून म्हणाले, "एक विचारू का? माई शेवटचे तीन दिवस तेच बोलत होती. ती मास्तरीण सुटते का, म्हणून. मी म्हटलं, बरी हो, मग बघ. सुटली का हो ती?"

रावांनी आठवून पाहिले. समुद्र आठवला, एक दरवाजा आठवला, कोणी तरी टोपी काढिली हे आठवले. बाई सुटली की नाही, ते काही केल्या आठवेना. पन्नास मिनिटे डोळे उघडे ठेवून पाहिले होते आणि आत काहीच उतरले नव्हते. त्यांनी हेमलताबाईंकडे पाहिले. त्यांस ठाऊक होते. त्या भिंतीस टेकून उभ्या होत्या आणि त्यांनी तोंड फिरविले. फोनमधून पुन्हा आवाज आला, "निळकंठराव? सुटली का?"

सारांश इतका की दार एका मनुष्याने उघडले आणि तो मनुष्य काही आत गेला नाही. रावांचा अपराध रावांचा, तो तुमच्या माथी मारावयाचा नाही. परंतु सरकार, तुमच्या दफ्तरी लिहून ठेविले आहे की माई नावाच्या बाईने मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी, आपल्या दहनानंतर, आठवा भाग आरंभापासून अखेरपर्यंत एकदाही न थांबविता पाहिला, आणि तो तिला आवडला असे समजोन तुम्ही तीस आणखी तीन मालिका सुचविल्या आहेत. इतके बारीक तुम्ही टिपता. तर त्या पन्नास मिनिटांत तो मनुष्य खरोखर काय पाहत होता, तेही तुम्ही टिपले असेल. ते लिहून पाठवा. अरविंदराव फोन धरून आहेत.