चार तोंडांचा हब

नववीत पहिली आल्यापासून आरजूचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्याच भरात तिने चांदूर बाजारातल्या अब्बांच्या फोटोच्या दुकानात घुसून म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसलं, लिनक्स टाकलं आणि वर यूएसबीच्या एका खाचेच्या चार करणारा चार तोंडांचा हबही लावला. स्क्रीनवर लिनक्सचं चिन्ह, पेंग्विन, ऐटीत बसला. हबमध्ये खोचलेला पासपोर्ट फोटोचा कॅमेरा मात्र क्षणभर दिसायचा नि गुडूप व्हायचा.

"ड्रायव्हर नाही का त्याचा?" शफीकभाईंनी विचारलं.

"अब्बा, याले वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. ठरलेल्या स्टँडर्डचा हाये, लिनक्स त्याले ओळखते."

"ओळखते, पन ओळख दाखवून नाही राह्यलं. संध्याकाळलोक फोटो निघाला तं ठीक, नाही तं अमरावतीहून कॉम्प्युटरवाला कुलदीप येते अन् तुह्या पेंग्विनले हाकलते."

फोटोसाठी आलेले नत्थुजी बाकावर टेकले. "बसतो मंग. मोबाइल चार्जिंगले लावू का?"

शफीकभाईंनी स्वतःच्या फोनशेजारचं हबचं तोंड दाखवलं. गिऱ्हाइकाला चार्जिंगला नाही म्हणणं त्यांच्या लेखी पाण्याला नाही म्हणण्यासारखंच. फोटो निघेना म्हणून मागून आलेलं गिऱ्हाईक, मैनाबाई, त्याही खोळंबल्या, आणि खोळंबल्या म्हणून त्यांचाही फोन लागला. हब भरला.

आरजूने कमांडवर कमांड ठोकल्या, लिनक्सचा गाभा असलेला कर्नलसुद्धा नवा घातला. आता तर कॅमेरा क्षणभरही दिसेना.

"पोरी," नत्थुजी म्हणाले, "मी दाढी करून आलो होतो. अजून बसवलं तं फोटोतला मानूस मीच हावो हे कोन मानन?"

ऊन उतरलं. दारात कुलदीपची मोटरसायकल थांबली.

"घ्या बापा आपापले मोबाइल," शफीकभाई म्हणाले. "आता कॉम्प्युटर बंद होईन."

मैनाबाईंनी फोन काढला, शफीकभाईंनी काढला. नत्थुजी वाकून वायर ओढायला गेले आणि स्क्रीनभर त्यांचं नाक उगवलं.

आरजू हबकडे बघतच राहिली. कॅमेऱ्याच्या तोंडची वीज तीन फोन पिऊन बसले होते.

"अब्बा, पयला फोन तुमचाच होता."

"अन् हब कोनं आनला?"

आरजूने कॅमेरा नत्थुजींच्या नाकावरून चेहऱ्यावर आणला.

कुलदीप आत आला. "टाकू का विंडोज, चाचा?"

"नको. पेंग्विन राहू दे."

"बरं. मंग जरा मोबाइल लावतो, पार उतरला."

शफीकभाईंनी हबवर पंजा ठेवला. "चाय पी बेटा, जेवून जाय, पाह्यजे तं मुक्काम कर. पन याले हात लावू नको."