मथुराबाईंचा दिवस

बार्शीच्या मथुराबाई कोकाटे जिथे जातील तिथे त्यांच्या पायाखालून, खूप खोलवरून, पृथ्वीच्या पोटातला एक जड गोळा जातो. तो दगडातून वाट काढत येतो, त्यामुळे त्यांच्यापेक्षा थोडा उशिरा पोचतो. पोचला की आसपासच्या वस्तू जड होतात, विहिरींचं पाणी चढतं आणि गवंड्याचा ओळंबा मथुराबाईंच्या घराकडे कलतो.

गोळा कधीपासून मागे लागला हे कुणालाच माहीत नाही. मथुराबाई एसटीत कंडक्टर होत्या आणि त्यांची नोकरी उभ्या उभ्याच गेली. निवृत्त झाल्यावरही त्यांना घरात बसवेना. तुळजापूरला जाऊन यायच्या, मध्येच उठून नांदेडला भाचीकडे जायच्या. त्या निघाल्या की देशभरातली घड्याळं आणि सूर्य यांचं जमेनासं व्हायचं. शेवटी पुण्याच्या दिनमान कार्यालयातून निपाणीकर नावाचे अधिकारी त्यांच्याकडे आले.

निपाणीकर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग विषय काढला. गिरकी घेताना हात पसरले की वेग कमी होतो आणि अंगाशी घेतले की वाढतो, पृथ्वीचंही तसंच आहे, असं त्यांनी समजावलं. बाई दक्षिणेला गेल्या की गोळा पृथ्वीच्या आसापासून लांब जातो, गिरकी मंदावते आणि दिवस मोठा होतो. उत्तरेला गेल्या तर दिवस आखडतो. त्यामुळे शक्यतो त्यांनी बार्शीतच राहावं, घरातल्या घरात फिरायला कार्यालयाची हरकत नाही.

"त्या गोळ्याला मी कोण ते ठाऊक आहे का, साहेब?" मथुराबाईंनी विचारलं.

"त्याबद्दल आमच्याकडे माहिती नाही," निपाणीकर म्हणाले.

मथुराबाईंनी कबूल केलं आणि त्या राहिल्याही. अंगणात येरझाऱ्या घालायच्या, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायच्या. गल्लीतल्या विहिरी काठोकाठ भरल्या आणि शेजाऱ्यांनी त्यांना कुठे जाऊ नका असं आपणहून सांगितलं. पायांची तगमग मात्र थांबली नाही. झोपेतही त्यांची पावलं हलत.

मग पार दक्षिणेकडच्या नागरकोविलहून दाजींचा फोन आला. मथुराबाईंची थोरली बहीण, शेवंताअक्का, मिरजेला नर्सिंग शिकताना सेल्वराज नावाच्या कंपाउंडरच्या प्रेमात पडली होती आणि लग्न करून तिकडेच गेली होती. दाजींचं मराठी इतक्या वर्षांनीही तुटक होतं. अक्काचा आजार आता हाताबाहेर गेला आहे, डॉक्टर म्हणाले थोडेच दिवस, असं त्यांनी सांगितलं.

मथुराबाईंनी निपाणीकरांना फोन करून निघत असल्याचं कळवलं. निपाणीकरांनी दोनदा समजावून पाहिलं. देशाच्या दक्षिण टोकाला गोळा गेला तर दिवस किती ताणेल, शाळा, बँका, गाड्या यांचं काय होईल, हे सगळं मांडलं.

मथुराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "डॉक्टरांनी दिवस सांगितलेत," त्या म्हणाल्या. "दिवस केवढा, ते सांगितलेलं नाही."

निपाणीकरांनी नियमांचं पुस्तक चाळून बाजूला ठेवलं. देखरेख म्हणून तेही बरोबर निघाले.

मथुराबाई नागरकोविलला पोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गोळा आला. त्या दुपारी ऊन खिडकीच्या गजावर जे थांबलं ते हलायलाच तयार नव्हतं. अक्का उशाला टेकून बसली होती. बहिणींनी पोटभर गप्पा मारल्या. वडिलांचा राग, आईच्या हातचं हुलग्याचं माडगं, अक्का पळून गेली तेव्हा घरात कोण काय बोललं होतं, सगळं निघालं. दाजींनी तीनदा कॉफी केली तरी दुपारच होती. बाहेर लोक त्रासले होते. शाळांनी जेवणानंतर आणखी दोन तास भरवायला सुरुवात केली आणि मुलं बाकांवर झोपू लागली. निपाणीकर लॉजमधून रोज कार्यालयाला आकडे कळवत आणि वरिष्ठांची बोलणी खात.

पण दिवसाबरोबर रात्रही लांबली, आणि अक्काचं दुखणं रात्रीच वाढायचं. शिवाय गोळा घराच्या बरोबर खाली होता. पितळी तांब्या अक्काला उचलेना. श्वास घ्यायचा म्हणजे छातीवरचं ओझं सारायचं, असं तिला होऊ लागलं. मथुराबाई अंतर ठेवून बसू लागल्या, मग व्हरांड्यात, मग नारळीच्या बागेच्या टोकाशी जाऊन उभ्या राहू लागल्या. तेवढ्याने काही फरक पडला नाही.

एका दुपारी अक्काने त्यांना आत बोलावलं.

"मथे, ही चादर काढ गं. लई जड झालीय."

मथुराबाईंनी चादर काढली. ती ओल्या सतरंजीसारखी हाताला लागली.

"तू आलीस, बरं झालं," अक्का म्हणाली. "सगळं बोलून झालं माझं. आता सांज होऊ दे."

"मी गेल्याशिवाय लवकर व्हायची नाही ती."

"म्हणून तर म्हणते."

आपण इथे थांबलो तर अक्का राहील आणि तिचं दुखत राहील, गेलो तर शेवटी जवळ नसू, हे मथुराबाईंना दिसत होतं. त्यांनी अक्काचे केस विंचरले, वेणी घातली. मग दाजींना नमस्कार करून पिशवी उचलली. जन्मभर ज्या पायांना थांबणं जमलं नव्हतं, ते त्या दिवशी उंबऱ्यापाशी अडले. दाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या बाहेर पडल्या.

निपाणीकरांनी उत्तरेकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीची तिकिटं काढली. मदुराई मागे पडलं तसं ऊन कलायला लागलं. डब्यातल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कुणीतरी जेवणाचा डबा उघडला. दिंडीगलच्या स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली म्हणून दोघं खाली उतरले. तिथे मथुराबाई फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या आणि निपाणीकर पिशवी सांभाळत त्यांच्या मागून चालले. आकाश तांबडं झालं, मग झपाट्याने काळवंडलं.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. इकडे पण सांज झाली, ते म्हणाले. दिवा लावला, तिने खिडकी उघडायला सांगितलं, हात हलका वाटतो म्हणाली, मग झोपली. उठवून पाहिलं, उठली नाही.

मथुराबाईंनी फोन निपाणीकरांच्या हातात दिला. त्या रडल्या, चालता चालता रडल्या. गाडीने शिट्टी दिली तरी चढल्या नाहीत, आणि निपाणीकरांनीही घाई केली नाही. गाडी निघून गेली.

"साहेब, माती द्यायला मला परत जायला हवं," मथुराबाई म्हणाल्या.

निपाणीकरांनी चष्मा पुसला. मग कार्यालयाला फोन लावला आणि उद्याचा दिवस नेहमीपेक्षा मोठा होईल, सर्व संबंधितांना कळवावं, असं सांगितलं. पलीकडून बरंच काही बोललं गेलं. शेवटी कारण विचारलं.

"घरगुती," निपाणीकर म्हणाले, आणि नागरकोविलची दोन तिकिटं काढायला खिडकीकडे गेले.