साळूबाईंचं शहाण्णव टक्के सुख

"डॉक्टर आले की आईला बोलू द्यायचं नाही हं, दादा. ती खरं सांगून बसेल."

एका जंगलात, मुलांनो, साळिंदरांचं एक बीळ होतं. त्या बिळात लेक आपल्या थोरल्या भावाच्या कानात हे सांगत होती. पलीकडे नवी सून, धाकट्या भावाची बायको, कंद सोलत बसली होती. नव्या सुनेला कान असतात, हे घराला जरा उशिराच कळतं.

सासू साळूबाईंना कॅन्सर झाला होता. औषधाच्या काढ्याने काटे गळले, तोंडाची चव गेली. आदल्याच दिवशी त्या सुनेला म्हणाल्या होत्या, "अगं, थोडा कमी करा म्हणावं तो काढा. घोरपडबाईशी उन्हात बसून चार चहाड्या करण्याइतकं तरी त्राण राहू दे. बाकी मला काही नको."

पण घराची रीत अशी, की दुखणं परक्यापुढे काढायचं नाही. कुणी विचारलं तर "मजेत" म्हणायचं.

बगळे डॉक्टर आले. पांढरेशुभ्र. एका पायावर उभे राहिले. हल्ली जंगलात नुसतं औषध देऊन भागत नसे. रुग्ण सुखात किती, तेही मोजावं लागे.

"शून्य ते दहा," बगळे म्हणाले. "मन कसं आहे?"

साळूबाईंनी तोंड उघडलं.

"दहा!" लेक म्हणाली. "आमच्या घराण्यात कुणी उदास होत नाही."

"झोप?"

"मला ना..." साळूबाई म्हणाल्या.

"दहा! रात्रभर डोळे मिटून पडलेली असते."

"जेवण?"

थोरला पुढे सरसावला. "मी स्वतः भरवतो. नको म्हणाली तरी भरवतो. दहा."

"घरच्यांचा आधार?"

"अकरा!" दोघं एकदम म्हणाली.

"अकरा नसतात."

"मग दहा. पण नाइलाजाने."

"काटे गेल्याचं काही?"

"छे! आता निदान जवळ तरी बसता येतं," लेक म्हणाली. मग तिने विचार केला. "इथे आठ धरा. सगळीकडे दहा असले की संशय येतो."

बगळ्यांनी मान डोलावली. "शहाण्णव टक्के! अख्ख्या जंगलात एवढं सुख कुणाला नाही. इतकं छान झेपतंय, तर काढा दुप्पट करू."

साळूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बघा, लागली पण झोप," थोरला कौतुकाने म्हणाला.

सुनेने हातातला कंद खाली ठेवला. लग्न होऊन आल्यापासून ती "हो" आणि "वाढू का?" एवढंच बोलली होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे शहाण्णव टक्के वन्संचे आणि भाऊजींचे झाले. दुप्पट काढा त्यांनाच द्या, छान झेपेल. आईंचं सुख किती, ते आता आईंना विचारा. आणि वन्सं, तेवढा वेळ तुम्ही दोघं बाहेर थांबा."

तात्पर्य: आजाऱ्याचं सुख अचूक मोजायचं असेल, तर आजाऱ्याला तोंड उघडू देऊ नये. एवढी काळजी घेऊनही आकडा घसरलाच, तर सून करताना चौकशी कमी पडली असं समजावं.