डग जिवंत असल्याचा ठराव

कुरांबीच्या वाचक मंडळाचा नियम साधा होता. महिन्याचं पुस्तक जिने वाचलं नसेल, तिने बैठकीला खायला काहीतरी आणायचं. गेली अकरा वर्षं टेबलावर खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकना आणि सॉसेज रोलना जागा पुरत नव्हती, आणि जिल्ह्यातलं सर्वांत यशस्वी वाचक मंडळ म्हणून त्याचं नाव झालं होतं.

मार्चमध्ये ग्लेनिस रिकाम्या हाताने आली. त्या महिन्याचं पुस्तक तिनेच लिहिलं होतं. तिचा नवरा डग शेजाऱ्याच्या मेंढ्या सोडवायला पुरात उतरतो आणि बुडतो, एवढीच गोष्ट. डग खरोखरच तसा गेला होता, आणि गावाने ते एकदा तरी नीट वाचावं, ही तिची इच्छा होती. पण पुस्तकावर सिनेमा निघाला होता. सिनेमात डग पोहत काठाला येतो.

"शेवट काय गोड केलायस गं!" अध्यक्षा लॉरेल म्हणाली.

"तो माझा शेवट नाही. डग बुडतो."

"कुठे लिहिलंय?"

"पान दोनशे बारा."

बाराजणी एकमेकींची तोंडं बघू लागल्या. तिथवर कुणीच पोचलेलं नव्हतं.

"हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस," लॉरेल म्हणाली, "पण तू एकटी आणि आम्ही बाराजणी. मतदान घेऊ."

इतिवृत्तात नोंद झाली: 'श्री. डग हे बहुमताने हयात असल्याचे आढळून आले.'

ठरावाची प्रत नगर परिषदेत गेली. नदीकाठी डगच्या स्मरणार्थ बाक होता. हयात इसमाचं स्मारक नियमात बसेना, म्हणून कारकून ट्रेव्हरने पाटी बदलली: 'श्री. डग यांच्यासाठी राखीव'. दुसऱ्याच दिवशी त्यावर बसलेल्या ग्लेनिसला त्याने उठवलं.

"अहो, माझा नवरा आहे तो!"

"मग त्यांचं लेखी संमतीपत्र आणा, बाई. माझा काही आक्षेप नाही."

मे महिन्यात मंडळाने डगला सदस्य करून घेतलं. त्याने पुस्तक वाचल्याचा पुरावा नसल्यामुळे त्याच्या वाटणीचे लॅमिंग्टन ग्लेनिसला करावे लागले. लोकांनी ते आवडीने खाल्ले आणि डगची विचारपूस केली.

जूनमध्ये शेवटचा ठराव आला: वाचकांचा गोंधळ टाळण्यासाठी वाचनालयाच्या प्रतीतलं दोनशे बारावं पान चिकटवून टाकावं.

"विरोधात कोण?" लॉरेलने विचारलं.

ग्लेनिस कडाडून बोलणार होती. भाषण लिहून आणलं होतं तिने. पण त्याच दुपारी ती सहाव्यांदा सिनेमाला जाऊन आली होती. निथळता डग काठावर चढतो आणि विचारतो, "चहा ठेवलास का?" त्या अंधारात ती दर वेळी "हो रे" म्हणायची, अगदी मोठ्याने, आणि तिला रडू यायचं.

तिने हात मांडीवरच ठेवला. ठराव एकमताने मंजूर झाला.

वाचकहो, हसू नका. तुमचंही कुणीतरी दोनशे बाराव्या पानावर असेलच. विरोधात कोण?